बेळगावच्या पावसात आणि उसाच्या हंगामात कॉन्टॅक्ट लेन्स : एका वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर मी आताच्या कॉन्टॅक्ट लेन्सचा पहिला जोड डोळ्यांत घातला. आता दुसरा मिरग जवळ आला असताना त्या लेन्सविषयी चार गोष्टी अधिकाराने सांगता येतील असे वाटते. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते, राहायला बेळगावात शहापूर भागात आहे आणि शाळेच्या दिवशी जाता-येता पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता स्कूटरने कापते. वय ४३. चष्मा तिसरीत असताना लागला. आज उजव्या डोळ्याचा नंबर उणे ६.५० आहे आणि डाव्याचा उणे ५.५०, डाव्याला शिवाय १.२५ चा सिलिंडर, म्हणजे बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा वेगळा नंबर, आहे. लेन्स महिनाभर वापरून टाकून देण्याच्या, मऊ, सिलिकॉन हायड्रोजेलच्या आहेत. डाव्या डोळ्याची लेन्स सिलिंडरमुळे टोरिक प्रकारची आहे. ही माहिती आधीच देण्याचे कारण असे की पाऊण किंवा एक नंबर असलेल्या आणि दिवसभर घरात राहणाऱ्या माणसाला माझा अनुभव फारसा लागू पडणार नाही.

हा माझा पहिला प्रयत्न नव्हता. त्याच्या पाच वर्षे आधी शहरातील एका दुकानात (त्याचे नाव येथे देत नाही) मी चष्म्याचा कागद पुढे केला होता आणि दुकानदाराने तोच नंबर पाहून फळीवरच्या दोन पेट्या माझ्या हातात ठेवल्या होत्या. डोळा तपासला नाही, बुबुळाचा गोलवा मोजला नाही, सिलिंडर तर धरलाच नाही. दुपारचे जेवण होईपर्यंत डोळे लाल व्हायचे आणि फळ्यावरची माझीच अक्षरे मला दुहेरी दिसायची. पंधरा दिवसांत मी त्या पेट्या कपाटात टाकल्या आणि आपल्या डोळ्यांना लेन्स सोसत नाहीत असा समज करून घेतला. पुढे पाच वर्षे तो समज मी मैत्रिणींनाही वाटत राहिले, याची आता थोडी लाज वाटते.

दुसऱ्या खेपेस मी कॅम्प भागातील एका जुन्या चष्म्याच्या दुकानात गेले. तेथे नेत्रतपासनीस म्हणून काम करणाऱ्या तरुणीने आधी यंत्रावर दोन्ही बुबुळांचा गोलवा मोजला, डोळे कोरडे पडतात का ते पाहिले, आणि मग नमुन्याच्या लेन्स घालून मला वीस मिनिटे बाकावर बसवून ठेवले. ती हुबळीकडची असावी, कारण डोळ्याजवळ बोट आणताना ती नकळत कन्नडवर जायची. ‘‘अक्का, मेले नोडी,’’ असे ती म्हणाली, तेव्हा त्याचा अर्थ ‘वर पाहा’ असा आहे हे मला ठाऊक असूनही मराठी कानाला ते ‘मेले’च ऐकू आले, आणि त्या क्षणी माझी अवस्थाही फार वेगळी नव्हती. वीस मिनिटांनंतर तिने भिंगाच्या यंत्रातून लेन्स पापणीबरोबर किती हलते ते पाहिले. फार घट्ट बसलेली लेन्स डोळ्याला आवळते आणि फार सैल असली तर ती प्रत्येक उघडझापीला सरकते. मधली, किंचितच हलणारी लेन्स योग्य. टोरिक लेन्सवर बारीक खुणा असतात आणि त्या ठरलेल्या जागी थांबल्या तरच सिलिंडर नीट बसतो. माझी डावी लेन्स पहिल्या कंपनीची घातल्यावर सारखी फिरत होती. तिने न कंटाळता दुसऱ्या बनावटीची मागवली आणि ती येईपर्यंत मला आठवडाभर थांबायला लावले. पाच वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांना जे सोसले नाही ते लेन्स नव्हतेच. मोजमाप न करता शिवलेल्या झंपरासारखा तो प्रकार होता.

याच वेळी एक गोष्ट कळली, जी चष्मा वापरणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर अंतरावर असते, लेन्स मात्र डोळ्यावरच बसते. त्यामुळे नंबर चारच्या पुढे गेला की दोन्हींचे आकडे वेगळे होतात. माझ्या उजव्या डोळ्याच्या चष्म्याचा नंबर उणे ६.५० आहे, पण लेन्सचा उणे ६.०० आहे, डाव्याचा ५.५० वरून ५.२५ वर आला. चष्म्याच्या कागदावरून थेट लेन्स देणारा दुकानदार येथेच चुकतो. शिवाय लेन्सच्या कागदावर नंबराच्या जोडीला गोलव्याचा आणि व्यासाचा आकडा असतो, आणि ते तीनही जुळावे लागतात. तो कागद मी आता पर्समध्ये ठेवते.

आता मूळ प्रश्न, म्हणजे चष्म्यापेक्षा यात मिळते काय. जाहिराती चेहऱ्याविषयी बोलतात. मला चेहऱ्यापेक्षा नजरेतील फरक मोठा वाटला. उणे नंबराची जाड काच वस्तू लहान करून दाखवते, आणि माझ्या नंबराला लेन्समधून वस्तू चष्म्यापेक्षा सुमारे सात-आठ टक्के मोठ्या दिसतात. ऐकायला हा आकडा किरकोळ आहे, पण पहिल्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी कठडा धरला होता, कारण पायऱ्या एकदम जवळ आल्यासारख्या वाटल्या. दुसरी गोष्ट काठांची. चष्म्यातून मधोमध पाहिले तरच स्वच्छ दिसते. डोळा कडेला वळवला की सरळ रेषा वाकतात, आणि फ्रेमच्या बाहेर तर सगळा धूसर पट्टा असतो. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, म्हणून आपण कायम तिच्या मध्यातूनच पाहतो. पंचावन्न मुलांच्या वर्गात याचा अर्थ काय होतो ते शिक्षकालाच कळेल. दोन्ही टोकांच्या बाकांवरच्या मुलांना माझ्या फ्रेमचा काठ कोठे संपतो हे इतकी वर्षे बरोबर ठाऊक होते, आणि फळ्याकडून मान वळवायला मला लागणारा क्षण त्यांना चिठ्ठी पोचवायला पुरत असे. जूनच्या पहिल्याच आठवड्यात दोन चिठ्ठ्या पकडल्या गेल्या, आणि मुलांना अजून कारण समजलेले नाही.

पण माझ्यासाठी लेन्सचे खरे मोल पावसाने ठरवले. बेळगावचा पाऊस कोसळून मोकळा होणारा नाही. तो दिवसेंदिवस रिमझिमत राहतो, आणि खानापूरकडे गेले की त्याचा जोर वाढतो. रेनकोट, त्यावर हेल्मेट, आत चष्मा, अशा थाटात जाताना तोंडातून निघणारी गरम, दमट वाफ थंड काचेवर बसते आणि समोरून उसाचा किंवा खडीचा ट्रॅक्टर येत असताना चष्मा आतून पांढरा होतो. हेल्मेटची काच वर करावी तर थेंब चष्म्यावर, खाली करावी तर वाफ. लेन्स डोळ्याच्याच उबेत आणि अश्रूंच्या थरात राहत असल्यामुळे तिच्यावर वाफ धरत नाही. हेल्मेटच्या काचेवरचे थेंब अर्थातच राहतात, पण दोनऐवजी एकच काच पुसायची असते आणि ती हातमोज्यानेही पुसता येते. गेल्या पावसाळ्यात वाटेत स्कूटर थांबवून पदराने चष्मा पुसण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेने आंधळे होणेही संपले, आणि कांदा चिरताना पूर्वीइतके पाणी येत नाही, कारण कांद्याचा झोंबरा वायू जेथे लागतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा लेन्सने झाकलेला असतो. एप्रिलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा नंबर नसलेला साधा गॉगल विकत घेतला. त्या दिवशीचा आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

एवढी मऊ वस्तू कोणाला सुचली असेल हे कुतूहल मला होते. काचेची, डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी लेन्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली होती, पण ती काही तासांपलीकडे कोणी घालू शकत नसे. मऊ लेन्स चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरी बनवली. पाणी शोषणारा प्लास्टिकचा द्रव त्यांनी फिरत्या साच्यात ओतला, आणि साचा फिरवणारे यंत्र मुलांच्या जोडणीच्या खेळातील पट्ट्यांचे होते. त्याला गती सायकलच्या डायनामोने दिली होती. पुढे अमेरिकेत बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या मऊ लेन्सला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. लेथ आणि फाउंड्रीवर वाढलेल्या आपल्या उद्यमबागेतील कोणाही कारागिराला ही हकिकत पटेल. आमच्या घरी तरी ती ऐकून यजमानांनी पहिल्यांदा लेन्सविषयी आदराने प्रश्न विचारला. ते स्वतः मशीन शॉपमध्ये काम करतात आणि चष्माच वापरतात, ते योग्यच आहे. उडणाऱ्या बुरापासून लेन्स डोळ्याचे रक्षण करत नाही आणि सुरक्षेचा चष्मा वरून घालावा लागतोच.

लेन्सचे सगळे दुखणे स्वच्छतेत आहे, आणि येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून, म्हणजे हवेतूनच घेतो. लेन्स त्याच्यावर झाकण घालते. सिलिकॉन हायड्रोजेलमधून प्राणवायू जुन्या मऊ लेन्सपेक्षा बराच जास्त जातो, तरी मिटलेल्या पापणीखाली तो मुळातच कमी असतो, म्हणून लेन्स घालून झोपणाऱ्याला जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. शाळेतून आल्यावर पाच मिनिटे आडवी होईन म्हणून झोप लागण्याची मला सवय होती. आता दारातून आत आले की आधी लेन्स काढते, मग चहा. दुसरी बाब पाण्याची. बेळगावच्या अनेक जुन्या घरांप्रमाणे आमच्याही परसात विहीर आहे आणि तिचे पाणी गोड असल्याचा आम्हाला अभिमान आहे. लेन्ससाठी मात्र ते पाणी, आणि नळाचे पाणीही, वर्ज्य. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकून पडद्याला लागला तर महिनोन्‌महिने उपचार घ्यावे लागतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणून साबणाने हात धुवायचे, धागे न सुटणाऱ्या कापडाला ते कोरडे ठक्क पुसायचे आणि मगच डबीला हात लावायचा. अंघोळ आधी, लेन्स नंतर. सासूबाईंना हे सोवळ्याओवळ्यासारखे वाटते, आणि एका अर्थी ते तसेच आहे, फक्त येथे विटाळ खरोखरच होतो.

रोज रात्री लेन्स तळहातावर ठेवून लेन्स धुण्याच्या द्रावणाचे थेंब टाकून बोटाने हळू चोळायची, त्याच द्रावणाने धुवायची आणि ताज्या द्रावणात बुडवून ठेवायची. डबीतील कालच्या द्रावणात आज वरून भर घालणे ही काटकसर सर्वांत महाग पडणारी आहे. डबी मी तीन महिन्यांनी बदलते. ब्याडगी मिरचीचे तिखट हाताळल्यावर साबणाने दोनदा हात धुऊनही लेन्सला बोट लावू नये, हे मला कोणी सांगितले नव्हते. एका रविवारी ते मी शिकले आणि अर्धा तास न्हाणीघरात बसून राहिले. तेव्हापासून मसाल्याच्या दिवशी लेन्स सकाळी सर्वांत आधी घालते आणि रात्री यजमानांना कालवण ढवळायला लावते.

घालणे-काढणे अवघड नाही, पण शिकावे लागते. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटे लागली, आता दोन पुरतात. लेन्स उलटी तर नाही ना हे बोटाच्या टोकावर धरून पाहायचे: कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर सुलट, ताटलीसारख्या बाहेर वळल्या तर उलट. काढताना नख लागू नये म्हणून मी नखे वाढवणे सोडले.

काही ठिकाणी मी लेन्स घालतच नाही. माझे माहेर निपाणीजवळ आहे. तंबाखूच्या वखारीसमोरून नुसते गेले तरी डोळे चुरचुरतात, आणि ती बारीक भुकटी लेन्सखाली गेली तर डोळा चोळताही येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचे गाळप सुरू झाले की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग असते. कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी उतरते आणि शेतांतून पाचट जळण्याचा धूर येतो. उसाच्या पानाची धार डोळ्याला लागणे ही आपल्याकडची जुनी दुखापत आहे, आणि शेतातील काडीकचऱ्याने खरचटलेल्या बुबुळात बुरशी धरते हे डोळ्यांचे डॉक्टर कळकळीने सांगतात. म्हणून माहेरी, उसाच्या फडात आणि हंगामातील धुळीच्या रस्त्यावर माझा चष्मा परत येतो. गेल्या पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर मी हट्टाने लेन्स घालून गेले होते. ‘उदो गं आई’च्या गजरात भंडाऱ्याची मूठ उधळली गेली आणि पुढचा तासभर मी देवीऐवजी डोळेच मिटून बसले. लेन्स फेकून द्यावी लागली. महिन्याला अजून अठरा दिवस बाकी होते.

चाळिशीनंतर लेन्स घेणाऱ्यांना एक गोष्ट कोणीही आधी सांगत नाही. उणे नंबराचा माणूस चष्म्यातून जवळचे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांना कमी जोर लावावा लागतो, आणि चष्मा कपाळावर सरकवला की बारीक टाइपही वाचता येतो. लेन्स घातल्यावर या दोन्ही सवलती संपतात. डोळे सामान्य माणसासारखे होतात आणि सामान्य माणसाची चाळिशी एकदम अंगावर येते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना मी कागद हातभर लांब धरू लागले तेव्हा मुलांना गंमत वाटली. शेवटी अधिक १.०० चा वाचण्याचा साधा चष्मा घ्यावा लागला. चष्मा सुटावा म्हणून लेन्स घ्यायच्या आणि लेन्सवर घालायला चष्मा घ्यायचा, यावर घरात महिनाभर विनोद झाले. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोठा असला की मी लेन्स काढून ठेवते आणि जुनाच चष्मा वर सरकवून वाचते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खर्चाचा हिशोब मी वहीत ठेवला आहे. उजव्या डोळ्याची सहा लेन्सची पेटी मला २,१०० रुपयांना पडली आणि वर्षाला दोन लागल्या. डाव्याची टोरिक पेटी तीन लेन्सची, २,२०० रुपयांची, म्हणून चार. द्रावणाच्या आठ बाटल्या, प्रत्येकी ४५० रुपये. एकूण १६,६०० रुपये झाले, म्हणजे दिवसाला पंचेचाळीसेक. पातळ काचांचा माझा चष्मा ६,५०० रुपयांचा आहे आणि दोन वर्षे जातो. त्या हिशोबाने लेन्स पाचपट महाग आहेत, आणि चष्मा घ्यावा लागतोच. सिलिंडर नसता तर खर्च बराच उतरला असता. महिन्याची लेन्स उघडल्या दिवसापासून महिनाभरच, मग आठवड्यात पाचच दिवस घातली तरी. शिल्लक दिवस पुढे ढकलता येत नाहीत, आणि दोन महिने ओढणाऱ्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेला मी ते पटवू शकलेले नाही.

दुकानाविषयी तक्रार एकच. टोरिक पेटी त्यांच्याकडे कधीच तयार नसते, मागवावी लागते, आणि दसऱ्याच्या सुमारास ती यायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस मी एका डोळ्यात लेन्स आणि एका डोळ्यावर चष्मा असे करू शकत नव्हते, म्हणून पुन्हा जाड काचा चढवल्या. कोपऱ्यातील बाकांवर लगेच हालचाल सुरू झाली. आता मी शेवटची लेन्स उघडते त्याच दिवशी मागणी नोंदवते. तपासणीसाठी मात्र ते दर सहा महिन्यांनी फोन करून बोलावतात, लेन्स घातलेल्या डोळ्याची भिंगाच्या यंत्राखाली पाहणी करतात आणि तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. मला ही सेवा लेन्सच्या किमतीइतकीच मोलाची वाटते.

डोळे सतत कोरडे पडतात, वारंवार खाजतात, किंवा हात धुण्याचा कंटाळा आहे, अशांनी चष्म्यावरच राहावे. मोठा नंबर, दुचाकी आणि आपल्याकडचा पाऊस हे तीनही ज्यांच्या वाट्याला आहेत, त्यांनी गोलवा मोजणाऱ्या दुकानात जाऊन निदान नमुन्याची लेन्स घालून पाहावी. मी पुढच्या वर्षासाठी महिन्याच्याच लेन्सची मागणी नोंदवली आहे, आणि जोडीला रोज टाकून देण्याच्या लेन्सचे दहा जोड सांगितले आहेत. ते मार्गशीर्षात यल्लम्माच्या डोंगरावर न्यायचे आहेत, आणि चष्म्याची डबीही पिशवीत असेल.